अँटिबायोटिक रेझिस्टन्सविरुद्धचं आंतरराष्ट्रीय सहकार्य

जंतूंवर औषधं चालेनाशी होणं म्हणजे अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स, थोडक्यात एएमआर, आणि ते रोखायला वेगवेगळे देश मिळून जे करार करतात, पैसे काढतात, लॅब जोडतात, नवी औषधं शोधतात त्याबद्दल ही नोंद आहे. हे काम एकट्या देशाला झेपणारं नाही कारण रेझिस्टंट जंतू माणसांच्या पोटातून, मांसातून, नदीच्या पाण्यातून कुठेही पोचतात आणि त्यांना व्हिसा लागत नाही. २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख लोक थेट रेझिस्टंट बॅक्टेरियांमुळे गेले, आणि ज्या मृत्यूंशी रेझिस्टन्सचा काहीतरी संबंध होता असे धरले तर आकडा ४९.५ लाखांच्या आसपास जातो. थेट मृत्यूंचा आकडासुद्धा त्या वर्षीच्या मलेरियाच्या किंवा एड्सच्या मृत्यूंपेक्षा मोठा आहे. सगळ्यात जास्त मार पश्चिम आफ्रिकेला बसतो आणि थेट गेलेल्यांत साधारण पाचातलं एक पाच वर्षांखालचं मूल असतं, हे कायम लक्षात ठेवायला हवं कारण ठराव मात्र न्यूयॉर्क आणि जिनिव्हात होतात.

सहकार्य कसं होऊ नये हे बघायचं तर आपल्याच देशाशी जोडलेली एनडीएम-१ ची गोष्ट बघा. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटला, जो आधी नवी दिल्लीत ॲडमिट होता, असा क्लेब्सिएला जंतू सापडला की ज्याच्यावर कार्बापेनेम गटाची तगडी औषधंही चालत नव्हती, आणि औषध निकामी करणाऱ्या त्याच्यातल्या एन्झाइमला नाव दिलं गेलं ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’. ऑगस्ट २०१० मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या पेशंटांवरचा अभ्यास छापून आला आणि एकच गदारोळ उडाला, हा मेडिकल टुरिझम बुडवायचा डाव आहे असं संसदेत आणि पेपरांत बोललं गेलं. राजधानीचं नाव जंतूच्या एन्झाइमला चिकटवणं चूकच होतं, त्याबद्दलचा राग खरा होता. पण त्या भांडणात मूळ प्रश्न, म्हणजे आपल्या हॉस्पिटलांत हे किती पसरलंय, तो बराच काळ बाजूला पडला. जो देश नीट तपासतो तोच बदनाम होणार असेल तर उद्या सॅम्पल कोण पाठवेल? नंतर मात्र गाडी रुळावर आली. २०११ मध्ये दक्षिण-पूर्व आशियातल्या आरोग्यमंत्र्यांचं जयपूर घोषणापत्र आलं, २०१२ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी चेन्नई घोषणापत्र केलं आणि मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं, ज्यात यादीतली अँटिबायोटिक्स विकताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते.

उलट कोलिस्टिनचं उदाहरण चांगलं आहे. कोलिस्टिन हे जुनं, किडनीला त्रास देणारं औषध, पण बाकी सगळं हरल्यावर डॉक्टर त्याच्याकडे वळतात, आणि तेच औषध जगभर डुकरांना आणि कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केलं की एमसीआर-१ नावाचं जीन एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतं आणि कोलिस्टिन निकामी करतं. त्यांनी हे लपवलं नाही, लगेच छापलं, आणि मग डेन्मार्कपासून सुरुवात होऊन देशोदेशीच्या लॅबनी फ्रीजरमधली जुनी सॅम्पल्स काढून तपासली तर ते जीन कितीतरी ठिकाणी आधीपासून बसलेलं निघालं. चीनने २०१७ पासून वजन वाढवायला खाद्यात कोलिस्टिन घालायला बंदी केली, ब्राझीलने वजनवाढीसाठीचा वापर थांबवला, भारताने जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, पोल्ट्रीत आणि मत्स्यशेतीत ते बंद केलं. बंदीनंतर चीनमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा डुकरांत आणि माणसांतही हे जीन स्पष्टपणे कमी झालेलं दिसलं, म्हणजे वापर थांबवला की फरक पडतो.

आता संस्था. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत डब्ल्यूएचओचा ग्लोबल ॲक्शन प्लॅन मंजूर झाला, त्याच वर्षी ‘ग्लास’ ही आकडे गोळा करायची यंत्रणा सुरू झाली, भारताचा राष्ट्रीय प्लॅन एप्रिल २०१७ मध्ये आला. सप्टेंबर २०१६ मध्ये यूएनच्या आमसभेत या विषयावर पहिली उच्चस्तरीय बैठक झाली. माणसांचं आरोग्य डब्ल्यूएचओ बघते, शेती-अन्न एफएओ, जनावरांचं आरोग्य डब्ल्यूओएएच, आणि २०२२ पासून पर्यावरणासाठी यूएनईपी त्यांच्यात आली. माणसं, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्रच बघायचं, या चौघांच्या कामामागच्या विचाराला ‘वन हेल्थ’ म्हणतात. कागदावर प्लॅन जवळपास सगळ्या देशांकडे आहेत, पण २०२३ च्या पाहणीत त्यासाठी बजेट ठेवणारे देश जेमतेम ११ टक्के निघाले, तेव्हा खरी अडचण कुठे आहे ते कळतं.

२६ सप्टेंबर २०२४ ला दुसरी उच्चस्तरीय बैठक झाली. त्यात ठरलं की २०३० पर्यंत एएमआरशी संबंधित मृत्यू २०१९ च्या तुलनेत १० टक्क्यांनी कमी करायचे, माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी किमान ७० टक्के डब्ल्यूएचओच्या यादीतल्या साध्या ‘ॲक्सेस’ गटातली असावीत, आणि देशांचे प्लॅन चालू व्हावेत म्हणून १० कोटी डॉलर उभे करायचे. पण पहिल्या मसुद्यात जनावरांमधला वापर किमान ३० टक्क्यांनी कमी करायचा आकडा होता, तो अंतिम घोषणापत्रातून गेला, नुसता ‘अर्थपूर्ण घट’ असा शब्द राहिला. ही मोठी माघार आहे, कोलिस्टिनचं सगळं समोर असताना तर जास्तच. शिवाय घोषणापत्र बंधनकारक नाही. आणि पैसा अचानक आटू शकतो, गरीब देशांच्या लॅब उभ्या करायला ब्रिटनने २६.५ कोटी पौंडांचा फ्लेमिंग फंड काढला होता, त्याची मदत बंद करायचं २०२५ मध्ये ठरलं.

नव्या औषधांचं गणितही बाजाराने सुटत नाही, कारण चांगलं अँटिबायोटिक जपून वापरायचं असतं आणि जपून वापरलं की खप होत नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीला २०१८ मध्ये नव्या औषधाची मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये तिचं दिवाळं निघालं. याच अडचणीवर उपाय म्हणून त्याआधीच, २०१६ मध्ये, दोन गोष्टी उभ्या राहिल्या होत्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या संशोधनाला पैसे देणारं कार्ब-एक्स आणि डब्ल्यूएचओच्या पुढाकाराने निघालेली गार्डप ही ना-नफा संस्था. गार्डपने गनोरिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगावरच्या झोलिफ्लोडॅसिनची मोठी चाचणी पाच देशांत केली, त्यात थायलंड आणि दक्षिण आफ्रिकाही होते, साधारण ९३० पेशंट, आणि तिचे चांगले निकाल २०२३ मध्ये आले. सेफिडेरोकॉल हे जपानी औषध १३५ देशांत पोचावं म्हणून त्यांनी लायसन्सही मिळवलं आणि उत्पादनासाठी चेन्नईच्या ऑर्किड फार्माला जोडून घेतलं. महाराष्ट्रातून मुंबईच्या वोखार्टने बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या मदतीने नॅफिथ्रोमायसिन आणलं, न्यूमोनियासाठी, नोव्हेंबर २०२४ मध्ये.

या सगळ्या चर्चेत ‘अँटिबायोटिक कमी खा’ हेच जास्त ऐकू येतं आणि ते गरजेचं आहेच, पण गार्डपच्याच संशोधकांनी भारतासह आठ देशांचा २०१९ चा हिशोब मांडला तेव्हा कार्बापेनेम न चालणाऱ्या गंभीर इन्फेक्शनच्या सुमारे १५ लाख केसेसपैकी जेमतेम ७ टक्के लोकांना योग्य औषध मिळालं होतं. म्हणजे एकीकडे कोंबडीला नको तितकं आणि दुसरीकडे आयसीयूतल्या पेशंटला हवं तेच नाही, आणि घोषणापत्रांत या दुसऱ्या बाजूला मृत्यूंच्या टार्गेटसारखा ठोस आकडा अजून दिलेला नाही. आमसभेची पुढची उच्चस्तरीय बैठक २०२९ मध्ये ठरलेली आहे.