केळ्याला 'केयं' म्हणणारं पोरगं चुकतंय का?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकली. बाळाला रोज पाच मिनिटं शिट्टी वाजवायला लावा, फुगा फुगवायला लावा, पंधरा दिवसात घडाघडा बोलेल. खाली सतरा अंगठे. ती रील बघून डोकं फिरलं म्हणून हे लिहायला बसलो, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात हाच विषय चालू आहे आणि फुगे तर आम्ही पोतंभर फुगवून झालेत.

माझी बहीण खान्देशात पारोळ्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिचा मुलगा अडीच वर्षाचा झाला तरी आई, बाबा आणि 'मम' एवढ्यावरच गाडी अडलेली. सासूबाई म्हणाल्या, "त्याना बाप बी चार वरीसले बोलना, काय घाबरस?" कुणी म्हणालं जिभेला मधातून वेखंड लावा, कुणी म्हणालं पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घाला, कानबाईला नवस तर आधीच बोलून झालेला. नवसाने कुणाचं काही बिघडत नाही, पेरूही पोटात जातो, पण मध मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात चाटवू नका, त्यात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्याला ते झेपत नाहीत.

डॉक्टरांकडेही एक सरळ उत्तर मिळालं असं नाही. एकाने सांगितलं मोबाईल बंद करा. दुसऱ्याने तोंडात टॉर्च मारून जिभेखालची शीर चिकटलेली आहे, कापून टाकू म्हणून सांगितलं. ही टंग टाय प्रकरणाची फार हवा आहे, त्यामुळे अंगावर पिताना बाळाला त्रास होऊ शकतो, क्वचित एखादा उच्चार अडू शकतो, पण जीभ चिकटलीय म्हणून मूल बोलायलाच लागत नाही असं होत नाही. तिसऱ्याने दहा मिनिटं बघून चिठ्ठीवर 'ऑटिझम' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं, त्या प्रश्नचिन्हाने बहिणीची महिनाभराची झोप घालवली.

आणि या तिघांपैकी एकानेही कान तपासायला सांगितलं नाही! जे मूल बोलत नाही त्याचे आधी कान. टाळी वाजवली की बघतो, म्हणजे ऐकू येतं, हे चालत नाही, कारण टाळी ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स' आणि 'क' सारखे बारीक आवाज निसटत असू शकतात, सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी असं होतं. टेस्ट दोन आहेत. ओएई मध्ये कानात बारीक आवाज सोडतात आणि कान स्वतः जो आवाज परत काढतो तो मोजतात (हो, कान आवाज काढतो, हे डेव्हिड केम्प या संशोधकाने १९७८ मध्ये दाखवलं तोवर कुणाचा विश्वास बसत नव्हता). बेरामध्ये मूल झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानातला सिग्नल मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते बघतात. जन्मल्यावर जबर कावीळ झालेल्या मुलांमध्ये कधीकधी ओएई नॉर्मल येते आणि बेरा बिघडलेली, म्हणून अशा मुलांची नुसती ओएई करून थांबू नये. भाच्याच्या दोन्ही नॉर्मल आल्या.

मग स्पीच थेरपिस्ट. तिने त्याला काही बोलायला लावायच्या आधी सांगितलं, "डब्यातलं केळं काढ आणि आजीला दे." त्याने दिलं. बोट दाखवतो, डोळ्यात बघतो, विमान आलं की आपल्याला ओढत अंगणात नेतो. म्हणजे भाषा आत आहे, बाहेर येताना अडतेय. भाषा उशिरा येणं वेगळं आणि बोलणं तयार होताना बिघडणं वेगळं. साधारण दोन वर्षाला पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं, तेवढं नसलं तर लेट टॉकर म्हणतात. त्यातली बरीच मुलं पुढे आपोआप गाडी पकडतात, सासूबाईंचा मुलगा त्यातलाच असणार. पण कोणती पकडतील हे नुसते शब्द मोजून कळत नाही. मूल किती बोलतं यापेक्षा ते कसं चुकतं, हे बघावं लागतं.

इथे आमच्याकडे एक गंमत झाली. पोरगं केळ्याला एकदा 'केयं' म्हणालं आणि थेरपिस्टबाईंनी कागदावर फुली मारली, 'ळ' येत नाही. बाई पुण्याकडच्या. बहीण म्हणाली मॅडम, आमच्या घरात सगळेच केयं म्हणतात, डोळ्याला डोया, शाळेला शाया, काळ्याला काया. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, रावेर-यावलकडे लेवा बोलीतही होतो, ती चूक नाही, ते त्याचं घर आहे. बाई चांगल्या, लगेच फुली खोडली आणि घरात कसं बोलतात ते अर्धा तास विचारत बसल्या. त्यांनी हेही सांगितलं की घरात अहिराणी आणि अंगणवाडीत मराठी असल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही, तेव्हा घरची बोली बंद करून त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचं काही कारण नाही.

आता मला आवडणारा भाग, जरा धीर धरा. आपली वर्णमाला मांडणाऱ्यांनी तोंडाचा नकाशाच काढून ठेवलाय, क-वर्ग घशाकडे, मग च, ट, त आणि शेवटी ओठांवर प-वर्ग. बरीच लहान मुलं काही दिवस 'क'चा 'त' करतात, काकाला ताता, कपला तप. घशाजवळचा आवाज पुढे आणून ठेवायचा एवढा एक नियम, आणि दरवेळी तोच. हे नियमाने चुकणं आहे आणि बहुतेक मुलांमध्ये तीन-साडेतीन वर्षापर्यंत आपोआप जातं. भाच्याचं तसं नव्हतं. बाईंनी केळ्याचं चित्र तीनदा दाखवलं, पहिल्यांदा केयं आलं, मग 'तेअं', मग 'पेने'. तीन वेळा तीन वेगळ्या चुका, स्वरसुद्धा वाकडे, आणि शब्द लांबला की आणखी गोंधळ, मध्येच ओठ नुसते चाचपडत हलायचे. ही खूण ॲप्रॅक्सियाची. स्नायूंत ताकद आहे, काय बोलायचं ते डोक्यात आहे, पण हालचालींचा प्लॅन मेंदूत नीट बनत नाही.

प्लॅन म्हणजे काय ते आरशात बघा. आरशासमोर 'ती' म्हणा, मग 'तू' म्हणा. 'तू' म्हणताना 'त' यायच्या आधीच ओठ गोल होतात, म्हणजे मेंदूने पुढचा स्वर आधीच मागवून ठेवलेला असतो. आपण सेकंदाला दहा-बारा ध्वनी काढतो, त्यातला प्रत्येक ध्वनी कानाने ऐकून, तपासून, सुधारून मग पुढचा काढायचा म्हटलं तर वेळच पुरणार नाही. फोनवर आपलाच आवाज थोडा उशिराने ऐकू आला की आपण कसे अडखळतो, ते आठवा. म्हणून मेंदू आधीच अख्खा कार्यक्रम लावून ठेवतो, जीभ कुठे, ओठ केव्हा, स्वरतंतू कधी सुरू करायचे, आणि मग तो एका दमात सोडतो, कान नंतर फक्त हिशेब तपासतो. मूल बडबड करतं ना बाबाबाबा, तेव्हा हेच कार्यक्रम लिहिले जात असतात.

आणि वेळ किती काटेकोर! प, फ, ब, भ चारही ओठ मिटून काढायचे (फ जुन्या पद्धतीने म्हणा, इंग्रजी एफसारखा नको), फरक फक्त स्वरतंतूंचा. 'ब'मध्ये ओठ उघडायच्या आधीच ते थरथरायला लागतात, 'प'मध्ये ओठ उघडता उघडता, 'फ'मध्ये उघडल्यावर थोडा श्वास सुटून मग, 'भ'मध्ये आधी थरथर आणि नंतर श्वासही. हे सगळे फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचे आहेत. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत ही वेळ मोजली, त्यात आपली मराठीही होती. तर एवढं सगळं सांभाळून पोराने 'भरीत' म्हणायचं. खान्देशात जन्मायचं आणि पहिल्याच घासाला 'भ', कमाल आहे.

याचा एक जीनही सापडलाय. लंडनमध्ये केई नावाने ओळखलं जाणारं एक कुटुंब होतं, तीन पिढ्यांत जवळपास निम्म्या लोकांना हाच त्रास. २००१ मध्ये सातव्या क्रोमोसोमवरचा फॉक्सपी-टू हा जीन सापडला, त्यातलं एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रोटीनच्या माळेत ५५३ व्या जागी आर्जिनीन या मण्याऐवजी हिस्टिडीन बसलेलं, आणि हे प्रोटीन दुसऱ्या जीन्सना चालू-बंद करणारं असल्याने मेंदू घडतानाच गडबड. पेपरवाल्यांनी लगेच त्याला 'भाषेचा जीन' करून टाकलं, तसं काही नाही, आणि ॲप्रॅक्सिया असलेल्या बहुतेक मुलांमध्ये हा जीन ठीकच असतो.

असो. बाईंनी कागदावर लिहिलं 'सस्पेक्टेड', संशयित. बहिणीला वाटलं पुन्हा प्रश्नचिन्हच. पण यावेळी कारण होतं. तीनदा बोलून तीनदा वेगळं चुकतो हे ठरवायला मुलाने मुळात पुरेसे शब्द बोलायचा प्रयत्न करायला हवा, अडीच वर्षाच्या पोराकडे तेवढा माल नसतो, त्यामुळे तीन वर्षाच्या आत पक्कं नाव कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा जपूनच. पण नाव पक्कं व्हायची वाट बघत थेरपी थांबवायची नसते. थेरपी म्हणजे फुगे नाहीत, फुगा फुगवायचा प्लॅन वेगळा आणि 'पाणी' म्हणायचा वेगळा. माझ्या तोंडाकडे बघ, माझ्याबरोबर म्हण, आता एकटा म्हण, असं तेच चार-पाच शब्द आठवड्यातून अनेक वेळा, कंटाळा येईस्तोवर.

जाताना घरचे व्हिडिओ घेऊन जा, दवाखान्यात पोरं तोंड उघडत नाहीत. थेरपिस्टचं आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन विचारा, विचारायला लाजायचं काही नाही. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, तिथून जिल्ह्याच्या डीईआयसी सेंटरला (अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणारं सरकारी केंद्र) पाठवतात, त्याला पैसे पडत नाहीत.

भाचा आता साडेतीनचा झालाय आणि कागदावरचं 'सस्पेक्टेड' गेलंय, ॲप्रॅक्सिया पक्का. परवा त्याला केळं तीनदा दाखवलं, तीनदा केयं म्हणाला. भरीत मात्र अजून सकाळी 'बईत' आणि संध्याकाळी 'पयीत'.