नाथू ला परवाना: आधार कार्डावर विसंबू नका

सिक्कीममध्ये, गंगटोकहून साधारण ५५ किलोमीटरवर, ४,३१० मीटर उंचीवर नाथू ला ही भारत-चीन सीमेवरची खिंड आहे. तिथे जायला परवाना लागतो आणि बहुतेकांचं घोडं अडतं ते ओळखपत्रापाशी. बँक, सिमकार्ड, रेशन, सगळीकडे आधार मागतात. इथे मात्र ते धरत नाहीत. पॅनही नाही. मतदान कार्ड किंवा पासपोर्ट हवा, लायसन्सही चालतं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही म्हणे. मग लायसन्स तरी कुठे आहे? पण हा वाद हॉटेलच्या काउंटरवर रात्री नऊ वाजता घालून काही हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त हाल ज्येष्ठांचे. आजींकडे लायसन्स नाही, पासपोर्ट कधी काढलेला नाही आणि मतदान कार्ड गावच्या कपाटात साड्यांखाली. तिकिटं काढतानाच ते शोधून ठेवा, मूळ कार्ड आणि झेरॉक्स दोन्ही सोबत घ्या. मुलांसाठी जन्मदाखला किंवा शाळेचं ओळखपत्र. प्रत्येकाचे पासपोर्ट साइज फोटो घरूनच न्या.

परवाना फक्त भारतीय नागरिकांना. परदेशी पासपोर्ट असलेल्या भाचीला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) दाखवूनही नाथू ला नाही. तिला वाटेतल्या छांगू तलावापर्यंत जाता येतं, तेही वेगळ्या परवान्यावर आणि सोबत आणखी कुणी परदेशी पर्यटक असेल तरच.

आता वारांचा घोळ. सोमवारी आणि मंगळवारी नाथू ला पर्यटकांना बंद. शिवाय कागद आदल्या दिवशीच द्यावे लागतात आणि परवाना जायच्या तारखेपुरताच असतो. म्हणजे रविवारी संध्याकाळी गंगटोकला पोचून बुधवारी सकाळी परतणाऱ्यांनी नाथू लाचा नाद सोडावा. असे बेत सर्रास आखले जातात आणि पॅकेज विकणारा वार सांगतोच असं नाही.

अर्ज स्वतः करायचा नसतो; नोंदणीकृत स्थानिक एजन्सीच तो करते आणि गाडीही तिचीच. आपली कार तिकडे सोडत नाहीत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हवा फार विरळ आहे.

हातात परवाना असला तरी बर्फ पडला की रस्ता बंद होतो. अशा वेळी किती पैसे परत मिळणार, हे आगाऊ रक्कम देण्याआधी एजन्सीकडून लिहून घ्या.