कुरी

कुरी : न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी पाळलेली, आता नामशेष झालेली कुत्र्याची जात. पूर्व पॉलिनेशियातून, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरून, तेराव्या-चौदाव्या शतकात होड्यांतून आलेल्या माओरींच्या पूर्वजांनी हा कुत्रा सोबत आणला. पॉलिनेशियातले डुक्कर व कोंबडी न्यूझीलंडमध्ये रुजली नाहीत. टिकले ते कुरी आणि किओरे हा उंदीर. त्यामुळे माओरींकडे पाळीव जनावर असे हे एकच उरले.

कुरी बेताच्या उंचीचा, आखूड पायांचा, भरदार खांद्यांचा व झुपकेदार शेपटीचा असे. रंग पांढरा, काळा, तपकिरी किंवा ठिपक्यांचा. तो भुंकत नसे, विव्हळल्यासारखा हेल काढी. आहारात मासे भरपूर. किवी व इतर जमिनीवरचे पक्षी धरायला त्याचा उपयोग होई. मांस जमिनीतल्या भट्टीत, म्हणजे हांगीत, भाजत. हाडांचे गळ व आरी, दातांचे दागिने करत.

सर्वांत मोलाचे कातडे. त्यापासून ‘काहू कुरी’ हा प्रतिष्ठितांचा झगा बने. हाराकेके या झाडाच्या पानांतला गर शिंपल्याने खरवडून धागा काढायचा, त्याचे घट्ट वीण असलेले वस्त्र विणायचे आणि त्यावर केसांसकट कातड्याच्या अरुंद उभ्या पट्ट्या एकमेकींना खेटून शिवायच्या. पांढऱ्या व गडद पट्ट्या आलटूनपालटून लावल्या की नक्षी आपोआप साधे. वीण सैल राहिली तर पट्ट्यांचे वजन पेलत नाही. काही झग्यांत कातड्याऐवजी शेपटीच्या केसांचे झुबकेच लावत, त्यांना ‘काहू वाएरो’ म्हणत. त्यांना कुत्रे फार लागत, म्हणून ते दुर्मिळ. पांढऱ्या शेपटीचे केस ताइआहा या लढाऊ काठीच्या गोंड्यालाही लागत. त्यासाठी शेपटी ठरावीक काळाने भादरत; केसांसाठी कुत्रा मारायची गरज नव्हती.

ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या पथकाने 1769 मध्ये कुरी पाहिला. पुढे देवमासे मारणारे व वसाहतवाले आपापले कुत्रे घेऊन आले आणि संकर सुरू झाला. आधीच थोड्या कुत्र्यांपासून वाढलेली ही जात त्यात विरघळून गेली. रानात गेलेले संकरित कुत्रे मेंढ्या मारू लागले, तेव्हा मेंढपाळांनी ते वेचून मारले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्ध कुरी उरला नाही. मात्र अमुक साल हे अखेरचे, असे ठासून सांगणे चुकीचे, कारण तो संपला तो मुख्यतः मिसळून. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात पेंढा भरलेली मादी व पिल्लू आहेत. जात ओळखायला त्यांच्यापेक्षा वसाहतपूर्व वस्त्यांतली हाडे अधिक भरवशाची. वाईराऊ बार या न्यूझीलंडमधल्या प्राचीन वस्तीच्या जागेतील हाडांच्या डीएनएवरून मूळ कळपातले वैविध्य फार थोडे होते, असे दिसून आले.