'लेडी कॅप्टन' असं पदच नाही

सैनिक टाकळीपासून गडहिंग्लजपर्यंत, गावची पोरगी सैन्यात गेली की चौकात फ्लेक्स झळकतो: 'लेडी कॅप्टन'. बायकांची पदं वेगळी, हा जुना समज त्यातूनच पोसला जातो. तसं काही नाही. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर ही पदं दोघांना एकच. २०२२ पासूनचा अग्निवीरही तसाच. फरक फक्त क्रियापदात: कॅप्टन आले, कॅप्टन आल्या.

खरी गफलत 'जवान'ची. ते पद नव्हेच. अधिकारी नसलेल्या सैनिकांना सरसकट तसं म्हणतात. लष्करी पोलिसांत २०१९ पासून मुलींची त्या पातळीवर भरती सुरू झाली. त्यांना खुशाल जवान म्हणा, कॅप्टनबाईंना नको. आणि लष्करी रुग्णालयातल्या 'सिस्टर'? मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये त्या लेफ्टनंट म्हणूनच रुजू होतात.