‘नऊ म्हातारे’ कोण ठरवले गेले?

डिस्ने स्टुडिओच्या जुन्या ॲनिमेटरांचा विषय निघाला की ‘नऊ म्हातारे’ हे नाव येतेच, आणि येते ते मानाच्या पदवीसारखे. मुळात तो टोमणा होता. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश सरकारचे आर्थिक सुधारणांचे कायदे रद्द ठरवत होते, तेव्हा तो त्यांच्यासाठी रूढ झाला. स्टुडिओच्या मालकाने पुढे गमतीने तो आपल्या नऊ ॲनिमेटरांना लावला. १९५० साली या ‘म्हाताऱ्यां’तला सर्वांत धाकटा ३६ वर्षांचा होता आणि थोरला पंचेचाळिशीत.

खरा गुंता आकड्याचा आहे. ॲनिमेशन विभागाचा कारभार पाहण्यासाठी १९४० च्या सुमारास एक समिती नेमली गेली. नेमणुका, कामवाटप, बढत्या यांत तिचा सल्ला घेतला जाई. सदस्य बदलत गेले आणि १९५० पर्यंत संख्या नऊवर स्थिरावली. म्हणजे ही समितीवर उरलेल्यांची यादी, गुणवत्ता यादी नव्हे. ‘स्नो व्हाइट’च्या (१९३७) श्रेयनामावलीत पर्यवेक्षक ॲनिमेटर म्हणून चार नावे आहेत. त्यांतले एकही या नवांत नाही! नवांची कला अस्सल होती, त्यांनी पुढे शिष्यही घडवले. पण पाया घालणारे म्हणून फक्त त्यांनाच मिरवणे मला पटत नाही.

बाकीचे कुठे गेले, याच्या उत्तराचा मोठा भाग १९४१ च्या संपात आहे. पगारातली प्रचंड तफावत, पडद्यावर नाव न येणे, कामावरून कमी होण्याची भीती हे सगळे आधीपासून साचत होते. संघटनेत पुढे असलेल्या एका वरिष्ठ ॲनिमेटरला काढून टाकल्यावर २९ मे रोजी फाटकाबाहेर निदर्शने सुरू झाली. संप मिटला, पण मने सांधली नाहीत. वर सांगितलेल्या चौघांपैकी एक, ‘डम्बो’मधल्या हत्तीच्या पिल्लात जीव ओतणारा, संपात उतरला होता. १९४३ मध्ये त्याने स्टुडिओ सोडला. संपकऱ्यांपैकी काहींनी वेगळा स्टुडिओ काढून सपाट, मोजक्या रेषांची नवी शैली आणली.

शाई-रंग विभागातल्या बायकांना तर कुठल्याच यादीत जागा मिळाली नाही. ॲनिमेटरचे प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पारदर्शक तावावर, शाईने उतरवणे हे त्यांचे काम. कंपनीने १९३८ मध्ये एका अर्जदार तरुणीला लेखी कळवले होते की, सर्जनशील काम पुरुषच करतात. ‘१०१ डाल्मेशियन्स’पासून (१९६१) झेरॉक्स यंत्र पेन्सिलची रेषा थेट सेलवर उमटवू लागले. आपली रेषा जशीच्या तशी पडद्यावर दिसते म्हणून ॲनिमेटर खूश झाले. शाई करणाऱ्या हातांचे काम मात्र गेले.

आपल्याशी येणारा धागाही यादीबाहेरचाच. डिस्नेत काम केलेला, भारतात जन्मलेला एका मिशनरी दांपत्याचा मुलगा १९५६ मध्ये मुंबईत आला आणि सरकारी माहितीपट विभागाच्या कार्टून युनिटमधल्या तरुणांना त्याने हे तंत्र शिकवले. त्यातून जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढची अनेक दशके मुंबईत ॲनिमेशन केले.