कादंबरीतला दार्तान्यां आणि खरा दार्तान्यां: कोण कुठला?

दार्तान्यां म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो 'द थ्री मस्केटिअर्स' कादंबरीतला, फ्रान्सच्या गास्कनी प्रांताचा तरणा पोरगा, विचित्र पिवळट घोड्यावर बसून घरून निघालेला आणि पॅरिसात पाय ठेवल्या ठेवल्या तीन मस्केटिअर्सशी, म्हणजे राजाच्या खास बंदूकधारी शिपायांशी, एकाच दिवसाची द्वंद्वं ठरवून बसलेला. बऱ्याच जणांना वाटतं हा माणूस पूर्ण काल्पनिक आहे, आणि ज्यांना कळतं की या नावाचा शिपाई खरंच होऊन गेला ते मग कादंबरीतलं सगळंच त्याच्या आयुष्यात घडलं असं धरून चालतात. दोन्ही चूक. मला स्वतःला खरा माणूस जास्त आवडतो आणि तो गोष्टीखाली दबून गेलाय याचं वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी वयाचं बघू. अलेक्झांडर द्युमाची कादंबरी आली १८४४ साली, तिची गोष्ट सुरू होते १६२५ च्या एप्रिलात, आणि तेव्हा हिरो अठरा वर्षांचा आहे. खऱ्याचं नाव शार्ल द बात्झ, जन्म १६११ ते १६१५ च्या मधला कधीतरी, लुपियाक गावाजवळच्या कास्तेलमोरच्या गढीत. म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ला रोशेल शहराच्या ज्या वेढ्यात कादंबरीतला हिरो लढतो त्या वेळी, १६२७-२८ ला, खरा अजून गावाकडे वाढत होता. आणि दार्तान्यां हे त्याच्या बापाकडचं नावच नाही! ते आईच्या माहेरचं, मोंतेस्क्यू घराण्याकडून आलेलं, दरबारात त्या नावाला जास्त वजन होतं म्हणून पॅरिसला आल्यावर त्याने तेच लावलं.

कादंबरीतले ते तीन मस्केटिअर्स, आथोस, पोर्थोस, आरामिस, यांच्यामागेही खरी माणसं आहेत, पण चौघांची जिवलग दोस्ती ही कादंबरीची देणगी. खरा आथोस १६४३ मध्येच वारला आणि आपला शार्ल मस्केटिअर्समध्ये आला तो त्यानंतर.

सगळ्यात मोठा फरक मला वाटतो तो बाजूचा. कादंबरीत सुरुवातीला तो राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याच्या माणसांशी भिडतो, राणीची अब्रू वाचवायला इंग्लंडपर्यंत धावतो. खरा दार्तान्यां मोठा झाला तो रिशल्यूच्या मागून आलेल्या कार्डिनल माझारँचा विश्वासू माणूस म्हणून, सरदारांनी बंड केलं त्या धामधुमीत त्याचे निरोप इकडून तिकडे पोचवणं, गुप्त कामं करणं, असं सगळं. १६४६ ला मस्केटिअर्सची तुकडीच मोडली होती, ती १६५७ ला परत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी हा तिच्यात सब-लेफ्टनंट झाला. १६६७ पासून तो कॅप्टन-लेफ्टनंट, आणि कॅप्टन म्हणजे खुद्द राजा असल्यामुळे तुकडी चालवणारा खरा माणूस हाच.

आता फूकेचं प्रकरण, कारण इथे गोष्ट आणि इतिहास एकाच जागी येतात. निकोला फूके हा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या खजिन्याचा मुख्य, अतिशय श्रीमंत आणि अतिशय बलवान. राजाने त्याला पकडायचं ठरवलं आणि काम दिलं दार्तान्यांला. द्युमाच्या मालिकेतल्या शेवटच्या भागात याचा जबरदस्त पाठलाग आहे, पुढे पांढरा घोडा, मागे काळा, काळा कोसळतो तरी हा पायी धावत सुटतो. प्रत्यक्षात ५ सप्टेंबर १६६१ ला नाँतमध्ये घडलं ते असं की फूके बैठक संपवून गर्दीतून निसटला, थोडा वेळ दिसेचना, मग कॅथेड्रलजवळ त्याची पालखीवजा खुर्ची सापडली आणि तिथे त्याला अटक झाली. तलवार उपसायची वेळच आली नाही. पण पुढचं ऐका, याच दार्तान्यांने त्या कैद्याला तीन वर्षांहून जास्त सांभाळलं, खटला संपेपर्यंत, आणि मग १६६५ च्या जानेवारीत आल्प्समधल्या पिन्यरोलच्या किल्ल्यात पोचवलं. राजाचा हुकूम तंतोतंत पाळला पण कैद्याशी माणुसकीने वागला, फूकेची मैत्रीण असलेल्या मादाम द सेव्हिन्येनेही हे कौतुकाने लिहून ठेवलंय. मला तर शंभर द्वंद्वांपेक्षा हे मोठं वाटतं.

मग ही सरमिसळ झाली कशी? तर मध्ये एक तिसरा दार्तान्यां आहे. १७०० मध्ये, खरा मरून २७ वर्षं झाल्यावर, कुर्तिल द सांद्रा नावाच्या लेखकाने त्याच्या 'आठवणी' छापल्या, त्याच्याच तोंडून सांगितल्यासारख्या, पण बराच भाग रचलेला. तिथे आथोस, पोर्थोस, आरामिस हे चक्क सख्खे भाऊ आहेत. हा कुर्तिल काही वर्षं बास्तीय तुरुंगात होता आणि तिथला गव्हर्नर बेस्मो हा दार्तान्यांचा जुना सोबती, म्हणजे काही गोष्टी त्याच्याकडून कानावर आल्या असाव्यात. द्युमाने याच पुस्तकातून नावं, प्रसंग उचलले आणि ओगुस्त माके या सहकाऱ्याबरोबर त्यातून आपला हिरो उभा केला. त्यामुळे खऱ्याच्या नावावर कुणी एखादा भन्नाट किस्सा खपवला तर तो द्युमाचा आहे की कुर्तिलचा हे आधी बघायचं.

मरण दोघांचंही वेढ्यातलंच. कादंबरीत हातात मार्शलची, म्हणजे सैन्यातल्या सर्वोच्च मानाची, काठी पडते त्याच क्षणी गोळा लागतो. खरा पडला २५ जून १६७३ ला, डच लोकांच्या मास्ट्रिख्ट शहराला फ्रेंचांनी घातलेल्या वेढ्यात. आदल्या रात्री घेतलेला तटाबाहेरचा बुरूज शत्रूने उलटा हल्ला करून परत घेतला होता, तो पुन्हा मिळवताना त्याच्या गळ्यात बंदुकीची गोळी घुसली. वय साठीच्या आसपास. शहर पाच दिवसांनी पडलं. मार्शलपद त्याला कधीच मिळालं नाही, ते मिळालं १७०९ मध्ये आईच्या माहेरच्या घराण्यातल्या पिएर द मोंतेस्क्यूला, आणि तोही दार्तान्यां हेच नाव लावायचा.