सहभागी सार्वजनिक कला आणि कलाकारांशी संवाद (गोवा)

सार्वजनिक जागेसाठी सोपवलेले काम कलाकार एकट्याने न करता तिथे राहणाऱ्या, राबणाऱ्या माणसांबरोबर बसून, बोलून, त्यांच्या हातांनी घडवतो, तेव्हा त्याला सहभागी सार्वजनिक कला म्हणतात. अशा कामाचा बराचसा भाग डोळ्यांना दिसत नाही. बोलावले कोणी, आधी 'नको' कोण म्हणाले, आराखडा कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हे मागे उरलेल्या वस्तूकडे बघून कळत नाही. म्हणून कलाकाराशी सविस्तर बोलणे हा या कलेच्या अभ्यासाचा पाया ठरतो. इंग्रजीत अशा कामाला 'कमिशन' म्हणतात. मराठीत त्या शब्दाला दलालीचा वास आहे. 'सोपवलेले काम' हा शब्द त्याहून बरा, कारण त्यात विश्वासही आला आणि जबाबदारीही.

जुनी पद्धत पणजीत आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी बघायला मिळते. तिथला आबे फारियांचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 साली घडवला. संमोहनविद्येच्या या आचार्याचे दोन्ही हात पुढे झेपावलेले आणि समोर कोसळणारी स्त्री, अशी त्याची रचना आहे. पुतळा अप्रतिम आहे. पण विषय, शिल्पकार आणि जागा ठरल्यावर लोकांच्या वाट्याला फक्त बघणे येते. हे नेहमी खपत नाही. न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी 1981 साली सुमारे 36 मीटर लांबीची पोलादी भिंत उभारली. तिथल्या कचेऱ्यांतल्या अनेक कर्मचाऱ्यांना ती अडचण वाटली. 1985 साली जाहीर सुनावणी झाली आणि 1989 साली ती भिंत काढून टाकण्यात आली. आधी विचारायला हवे होते का, हा प्रश्न त्यानंतर कोणालाच टाळता आला नाही.

त्याच शहरात मिअर्ल लेडरमन युकेलीस या कलाकार स्त्रीने 1979-80 मध्ये वेगळी वाट दाखवली होती. सुमारे 8,500 सफाई कामगारांना त्या एकेक करून भेटल्या, प्रत्येकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. मागे वस्तू काहीच उरली नाही, भेट हेच काम होते. पुढे 1990 च्या दशकात सुझान लेसी यांनी अशा कामांसाठी 'नव्या प्रकारची सार्वजनिक कला' अशा अर्थाचे नाव रूढ केले.

भारतातले सर्वांत बोलके उदाहरण नवज्योत अल्ताफ यांचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नवज्योत 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून बस्तरमधल्या कोंडागावात शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सुराम विश्वकर्मा या स्थानिक कलाकारांबरोबर काम करू लागल्या. हातपंपांभोवती त्यांनी 'नलपार' नावाच्या जागा बांधल्या. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना बाईची कंबर मोडते. म्हणून हंडा मधल्या उंचीवर टेकवता येईल असे ओटे आणि कोनाडे त्यांनी केले, सांडपाण्याला वाट करून दिली, आणि भिंतींवर त्या भागातल्या खुणा कोरल्या. बायका वाकतात कशा, उचलतात कशा, हे नीट बघितल्याशिवाय अशा ओट्याची उंची ठरवता येत नाही.

गोव्यात सगळ्या गावाने मिळून कला घडवणे नवे नाही. मांड ही गावाची पवित्र जागा. शिगमो, जागोर हे लोकोत्सव तिथूनच सुरू होतात, आणि मांडावर काय व्हायचे ते गाव ठरवतो. कुंभारजुव्याला गणेशविसर्जनाच्या दिवशी सांगोड निघतो. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या अंथरायच्या आणि त्या डुलत्या मंचावर देखावा उभा करायचा. देखाव्यातली माणसे गावातलीच, काठावर दाटीने उभी असलेलीही गावातलीच. दिवाळीआधी वाड्यावाड्यांवर, म्हणजे गावातल्या वस्तीवस्तीत, नरकासुराचे पुतळे बांधतात. वर्गणी काढायची, सांगाडा ठोकायचा, सुके गवत भरायचे, वर कागद चिकटवायचा, रात्री जागवायच्या, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळे जाळून टाकायचे. तो बांधणाऱ्या पोरांचे नाव कुठेच लिहिलेले नसते. या पोरांच्या मुलाखती कलाकार म्हणून कोणी घेत नाही, ही मोठी उणीव आहे.

अलीकडच्या उपक्रमांत पणजीचा सेरेंडिपिटी कला महोत्सव 2016 पासून डिसेंबरात भरतो. 2019 साली त्याच्या निमित्ताने चित्रकार एफ. एन. सोझा यांचे नातू सॉलोमन सोझा यांनी पणजीच्या भिंतींवर नामवंत गोंयकारांची मोठी चित्रे रंगवली. डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेले सुबोध केरकर यांनी समुद्र हाच विषय घेतला, किनाऱ्यावर मच्छीमारांना सोबत घेऊन रचना केल्या आणि 2015 साली पिळर्ण येथे 'म्युझियम ऑफ गोवा' उघडले. निखिल चोप्रा आणि सहकाऱ्यांची 'एचएच आर्ट स्पेसेस' ही कलाकारांनी चालवलेली संस्था 2014 पासून गोव्यात आहे. मात्र यातले सगळेच काम सहभागी म्हणता येणार नाही. भिंत सार्वजनिक असली म्हणून चित्र लोकांनी घडवले असे होत नाही, आणि महोत्सवाच्या आठ-दहा दिवसांत ओळख होते, विश्वास बसत नाही.

कलाकाराशी बोलताना विचारायच्या गोष्टी याच अडचणींतून निघतात. सोबत राबलेल्यांना मजुरी मिळाली का, फलकावर नाव कोणाचे, काम अर्ध्यावर नेऊन कोणाच्या विरोधामुळे बदलले का, हे विचारलेच पाहिजे. भाषेचा प्रश्न तर गोव्यात फार खोल जातो. घरात कोकणी, भजनात आणि वर्तमानपत्रात मराठी, आणि कलेवरचे परिसंवाद बहुधा इंग्रजीत. ज्या वाड्याने हात लावला त्याला त्या बोलण्यात उत्तर देता येत नसेल, तर ती मुलाखत अर्धीच झाली. ती मांडावर, संध्याकाळी, गावाच्या भाषेत पुन्हा घ्यावी.

उरतो देखभालीचा प्रश्न. जूनमध्ये पाऊस लागला की भिंतीवरचा रंग फुगतो, खाऱ्या हवेत लोखंड गंजते, आणि उद्घाटनाला आलेले तोवर दूर गेलेले असतात. पुढच्या पावसाळ्यानंतर डागडुजी कोण करणार, हे काम सोपवतानाच लिहून घ्यायला हवे. गावाच्या परंपरेत हा पेच पडत नाही. नरकासुर जळतो, गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरवतात, सांगोडाचे दोर सोडतात, आणि पुढच्या वर्षी दोर बांधायला तेच हात असतात, बरोबर त्यांची मुलेही.